मी दुसरी आलो

शर्वरी ट्रॅकवर उताणी पडली होती, दोन्ही हात पसरून, आणि कुंटे मॅडम तिला ओलांडून माझ्याकडे आल्या. ओलांडून म्हणजे खरोखरच ओलांडून. घरात वाटेत झोपलेल्या पोराला ओलांडतात तसा पाय उचलला, पलीकडे टाकला आणि माझं मनगट धरलं.

"चल," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायचं ते बंद बाटलीतलंच. तुला काय सांगायचं म्हणा, तुला सगळं पाठ आहे."

पाठ होतंच. कुंटे मॅडमच्या छातीवर हिरवा बिल्ला होता. हिरव्या बिल्ल्याची बाई शर्यत जिंकलेल्या मुलीला डोपिंगच्या तपासणीला घेऊन जाते. मुलगी बाटलीत लघवी देईपर्यंत तिच्यावरून नजर हलवायची नाही, असा नियम. मी आठशे मीटरची शर्यत जिंकले की हिरवा बिल्ला माझ्याकडे यायचा, आणि त्या काळात मी बऱ्याचदा जिंकत होते. त्या दिवशी मात्र मी जिंकले नव्हते. शेवटच्या वळणावर शर्वरी घाटगे माझ्या उजव्या खांद्यावरून पुढे गेली ती गेलीच. पुण्याच्या त्या अखिल भारतीय स्पर्धेत इतक्या वेगानं आठशे मीटर आजवर कुणी पळालं नव्हतं. लाउडस्पीकरवाला तिचं नाव घेऊन घेऊन घसा बसवून घेत होता.

"मॅडम, मी दुसरी आलो," मी म्हटलं. "जिंकली ती. ती पडलीय बघा तिथं."

"आलो काय, आलो?" कुंटे मॅडम हसल्या. "मुलगी ना तू?"

आमच्याकडे, बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात, बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. शर्वरीही तसंच बोलायची. आदल्या वर्षी एका पेपरात तिची मुलाखत आली होती. त्यात 'मी जिंकलो' हे तिचं वाक्य ठळक अक्षरात छापून खाली कोल्हापूरच्या मातीतला रांगडा गोडवा वगैरे लिहिलं होतं. माझ्या 'आलो'मध्ये कुणाला कधी गोडवा सापडला नाही. उलट माझे खांदे, माझा घोगरा आवाज आणि ते 'आलो' एकत्र करून लोक भलतंच काहीतरी कुजबुजायचे.

"मॅडम, मी दुसरी," मी पुन्हा सांगितलं, या खेपेला क्रियापद गाळून.

"हो गं बाई, चल. तुझीच घ्यायची असते."

मी मागे वळून पाहिलं. शर्वरीचे बाबा कठडा ओलांडून आत आले होते. कुणीतरी तिला खांद्यावर घेतलं होतं. आमचे कोच बाबर सर टोपी हवेत उडवत होते, आणि सरांना टोपी उडवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हात हिसडून घ्यावा असं मनात आलं, पण तपासणीला नकार देणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. त्यात का नि कसं काही विचारत नाहीत, सरळ दोन वर्षं घरी बसवतात. मी गेले.

तपासणीच्या खोलीतल्या डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आलीस? बस." माझं नाव त्यांना विचारावं लागलं नाही. मी त्यांनाही सांगितलं की डॉक्टर, मी दुसरी आलो, चुकून आणलंय मला. त्यांनी कुंटे मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खांदे उडवले. डॉक्टर मला म्हणाले, तक्रार काय ती बाहेर जाऊन कर, आधी नमुना दे.

पळून आल्यावर अंगात पाण्याचा थेंब नसतो. बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. समोर कुंटे मॅडम, नियमाप्रमाणे नजर न हलवता. बाहेर बँड वाजत होता. बक्षीस समारंभ सुरू झाला, शर्वरीचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मग म्हणाले, दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू उपस्थित नाही.

मी कोण, ते सांगायला हवं. मी फिलोमिना सिद्दी, घरची फिलू. खानापूरच्या जंगलातल्या सिद्द्यांच्या वाडीतली. आमच्या पूर्वजांना कुणा पोर्तुगिजानं जहाजात घालून आणलं, असं चर्चमधले फादर सांगायचे. नेमकं कुठून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आफ्रिका मी नकाशात पाहिली होती, तीही परीक्षेपुरती, आणि त्या परीक्षेत नापास झाले होते. शिकले मराठी शाळेत. तरी कोल्हापुरात दुकानदार माझ्याशी इंग्रजीत बोलायला बघायचे. मी "अर्धा किलो शेंगदाणे द्या की" म्हटलं की आधी दचकायचे, मग हसायचे आणि मग मूठभर जास्त घालायचे. माझ्या रंगानं मला आयुष्यात जास्तीचं काही दिलं असेल तर ते एवढे शेंगदाणेच.

बाबर सरांनी मला तालुक्याच्या स्पर्धेत पाहिलं आणि कोल्हापूरला आणलं. सरांचं स्वतःचं छोटं प्रशिक्षण केंद्र होतं, मागे मुलींच्या राहायच्या खोल्या. मला त्यांनी शर्वरीच्या खोलीत टाकलं. ती एका शाळामास्तरांची मुलगी, गोरी, हसरी, मोकळी. पहिल्याच दिवशी तिनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि मला फिले म्हणायला लागली. चांगली मुलगी. तीच तर पंचाईत होती. वाईट असती तर हेवा करायला सोपं गेलं असतं.

आणि हेवा मी भरपूर केला. तिच्या लांब वेणीचा केला, तिचे बाबा रविवारी डब्यातून आणायचे त्या पांढऱ्या रश्श्याचा केला, तिच्या सायकलचा केला. तिला सर्दी झाली की ती औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, वर घोटभर सिरप घ्यायची आणि पांघरूण ओढून झोपायची. मला सर्दी झाली की बाबर सर म्हणायचे, "तुला नको, पोरी. त्यात काय निघालं बिघालं तर? तुझ्यावर डोळा हाय." मग मी आल्याचं पाणी पीत नाक ओढत बसायची. तिची सर्दी पाहुण्यासारखी जायची, माझी मुक्कामाला राहायची. मला तिच्या सर्दीचासुद्धा हेवा वाटायचा.

पण हे सगळं वरवरचं. आतला हेवा एका शब्दाचा होता. पहाटे रंकाळ्यावर आम्ही बरोबर पळायचो, बरोबर ओकायचो, एकाच बादलीत पाय बुडवून बसायचो. तिची वेळ सुधारली की लोक म्हणायचे, काय कष्ट घेतलेत पोरीनं. माझी सुधारली की चांगले लोक म्हणायचे, यांच्या रक्तातच आहे. वाईट लोक म्हणायचे, हिच्या रक्तात काहीतरी आहे. चांगल्या आणि वाईट लोकांत एवढाच काय तो फरक. कष्ट हा शब्द माझ्या अंगणात कधी फिरकलाच नाही. शर्वरीच्या पाठीवर थाप मारून कुणी तो म्हटला की मला वाटायचं, ती थाप तिच्या पाठीवरून उचलून घ्यावी.

नमुना देऊन मी बाहेर आले तेव्हा मैदानावरचे दिवे लागले होते आणि गर्दी पांगली होती. मागोमाग डॉक्टर खोका बंद करून गाडीत बसले आणि गेले. बाबर सर गळ्यात हार घालून मला शोधत होते. कुठं होतीस म्हणून आधी रागावले. मी सांगितलं. त्यांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला आणि तो तसाच धरून उभे राहिले.

विक्रम करणाऱ्या खेळाडूचा नमुना त्याच दिवशी घेतला गेला नाही, तर विक्रम धरत नाहीत. शर्वरीचा नमुना घेतलाच गेला नव्हता. जिल्ह्याच्या शर्यतींना तपासणी नसते आणि त्याबाहेर ती पहिल्यांदाच जिंकली होती. तिला कधी तपासणीला नेलंच नव्हतं, त्यामुळे ती खोली मैदानाच्या कुठल्या बाजूला आहे हेही बिचारीला ठाऊक नव्हतं. त्या विक्रमावर परदेशी जाणाऱ्या संघातली जागा ठरणार होती. विक्रम धरला तर शर्वरी जाणार. नाही धरला तर वर्षभरातल्या वेळा बघणार, आणि त्यात मी पुढे होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ झालं होतं. पण कुंटे मॅडम घाबरल्या. चुकीची मुलगी नेली असं म्हणायची लाज वाटली असेल, किंवा बिल्ला जाईल अशी भीती. त्यांनी वर सांगितलं की आपण आधी शर्वरीकडेच गेलो होतो, ती 'मी येतो नंतर' म्हणाली आणि गर्दीत निघून गेली. ते 'येतो' त्यांनी इतकं झकास घातलं होतं की ऐकणाऱ्याला ते शर्वरीचंच वाक्य वाटलं. आता मामला विक्रमाचा राहिला नाही. तपासणी चुकवली म्हणजे दोन वर्षांची बंदी.

पेपरात आलं, विक्रमवीर तपासणीला का गेली नाही? कोल्हापुरात आम्ही दूध प्यायला कट्ट्यावर गेलो तर दोघं-तिघं शर्वरीकडे बघून आपसांत काहीतरी बोलले आणि गप्प झाले. तिनं ग्लास तसाच ठेवला. खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवायला उठली नाही.

"फिले," ती म्हणाली, "लोक असं कसं बघतात गं? मी काय केलंय?"

"होतंय सवयीचं," मी म्हटलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. तीन वर्षं मी जो गार वारा खात होते त्याची एक झुळूक तिच्या अंगाला लागली होती आणि ती लगेच कुडकुडायला लागली होती. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, डोक्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात म्हटलं, अजून जरा सोस.

पुण्याला चौकशी ठरली. बाबर सरांनी मला मैदानावर बाजूला घेतलं. सर फार बोलणारे नव्हते. खिशातल्या शिट्टीशी चाळा करत उभे राहिले.

"कुंटे बाई कुणाकडं आधी आल्या, हे बघितलेली तू एकटीच," ते म्हणाले. "शर्वरी तर डोळे मिटून पडलेली. तू बोललीस तर ती सुटंल. गप बसलीस तर तू परदेशी जाशील. मी तुला कायबी सांगणार नाही, पोरी. मला दोघी सारख्याच."

सारख्या नव्हतो आम्ही, पण सरांना तसं वाटत होतं हे खरं.

शर्वरीनं मला काही विचारलंच नाही. मी बोलणार का, काय बोलणार, काही नाही. पुण्याच्या एसटीत शेजारी बसून तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली आणि म्हणाली, "तू हाईसच की." आणि झोपली. तिच्या बाबांनी मागच्या सीटवरून दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, दोन्ही वेळा आधी मला. एरवी ते मला 'ती दुसरी' म्हणायचे. मला पुन्हा तिचा हेवा वाटला. काय सुखाची झोप होती ती! समोरचं माणूस आपल्या बाजूनं बोलणारच, असं गृहीत धरून झोपणं मला एकदाही जमलं नव्हतं.

कात्रजचा घाट येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. गप्प बसायचं, एवढंच तर काम होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसतं आठवत नाही म्हणायचं. मग विमान, परदेश, छातीवर देशाचं नाव. पण तिथं पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं असतं, हिनं काहीतरी केलंय. आजवर हे ऐकताना मला निदान एवढं ठाऊक असायचं की ते खोटं आहे. या खेपेला ते खरं ठरलं असतं. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते मला शर्वरीपायी घालवायचं नव्हतं. तिच्यावर उपकार करावेत म्हणून मी खरं बोलायचं ठरवलं असं कुणी समजू नये.

चौकशीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधले अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, निवृत्त मोठे अधिकारी, आवाज मऊ. कुंटे मॅडम कडेच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पहिलं मला बोलावलं.

मी झालं तसं सांगितलं. मॅडम शर्वरीला ओलांडून आल्या, माझा हात धरला. मी दुसरी आलो असं मी त्यांना मैदानात सांगितलं, आत डॉक्टरांनाही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तुझीच घ्यायची असते. 'आलो' ऐकून टेबलाच्या टोकाचे गृहस्थ गालात हसले. अध्यक्षांनी कुंटे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ही आपण होऊनच माझ्याबरोबर आली, हिला नेहमीची सवय, म्हणून मला वाटलं हिलाही बोलावलंय.

"पण मुली," अध्यक्ष मला म्हणाले, "तू जिंकली नव्हतीस. मग गेलीस कशाला?"

"नाही गेलं तर दोन वर्षं घरी बसवतात, सर."

"ओरडायचं होतंस. कोचना हाक मारायची."

मी काय सांगणार? काळी मुलगी तपासणीला जाताना ओरडली, हे दुसऱ्या दिवशी पेपरात कसं आलं असतं ते मला त्यांच्यापेक्षा जास्त नीट दिसत होतं. अध्यक्ष पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती.

"खरं सांग, आम्ही रागावणार नाही. शर्वरीचा विक्रम होऊ नये असं तुझ्या मनात आलं होतं की नाही? तिच्या जागी तूच जाणार होतीस. हेवा वाटतो माणसाला, त्यात काय एवढं."

"हेवा वाटतो, सर," मी म्हटलं. "पुष्कळ वाटतो. पण मी खोटं बोललो नाही."

अध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या गृहस्थांकडे पाहून मान हलवली, जणू मी पहिलं वाक्यच तेवढं बोलले होते. मला बाजूला बसायला सांगितलं आणि शर्वरीला बोलावलं.

ती आली. वेणी पुढे घेतलेली, डोळे रडून सुजलेले. तिला मैदानातलं काही विचारलंच नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाळ, तू काही औषधबिवषध घेतेस का पळण्यासाठी?"

"नाही, सर," शर्वरी म्हणाली. "मी आपलं जेवतो नि पळतो."

सगळे हसले. टोकाचे गृहस्थ तर मनापासून हसले. कुंटे मॅडमसुद्धा हसल्या. शर्वरीही ओल्या डोळ्यांनी हसली, आणि खोलीतली हवाच बदलून गेली. एक गृहस्थ म्हणाले, मास्तरांची मुलगी आहे, चांगल्या घरातली, पोरीनं कष्टानं मिळवलंय. दुसरे म्हणाले, नियम माणसांसाठी असतात. अध्यक्षांनी सांगितलं की गर्दीत गोंधळ होतो, कुंटे बाईंनी पुढच्या वेळी काळजी घ्यावी. नमुना नसला तरी या खेपेपुरता अपवाद म्हणून विक्रम धरावा आणि संघात शर्वरीचं नाव घालावं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, खेळाडू वृत्ती ठेव, मुली, तू अजून लहान आहेस.

मी उभी राहिले. "सर, मग माझी बाटली?"

"ती गेली तपासायला. येईल निकाल." ते कागद आवरत होते. "काही घेत नसशील तर काळजी कसली?"

निकाल पुढे आला, दर वेळेसारखा स्वच्छ. पेपरात आला नाही.

त्या खोलीत मला शर्वरीचा जितका हेवा वाटला तितका त्याआधी कधी वाटला नव्हता. विक्रम गेला खड्ड्यात, परदेश गेला खड्ड्यात. एक प्रश्न, एक 'नाही', आणि विषय संपला. 'नाही' म्हटलं की संपतं, अशी माणसं जगात असतात, आणि त्यातलं एक माझ्याच खोलीत राहत होतं. मी इतकी वर्षं बाटल्या भरून देत होते आणि माझं कधीच काही संपत नव्हतं.

बाहेर आल्यावर शर्वरीचे बाबा फोन करायला गेले. बाबर सर आत सह्या करत होते. आम्ही दोघी समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. शर्वरी नुसती उड्या मारत होती. तिनं दोन चहा सांगितले, वर खारी सांगितली, पैसे आधीच देऊन टाकले.

"सुटलो बाई," ती म्हणाली. "फिले, तू होतीस म्हणून."

"माझ्यामुळं काय झालं नाही. माझं त्यांनी ऐकलंच नाही. तुला एक विचारलं नि सोडलं."

"ते पण खरं." ती हसली. "काय गोड म्हातारा होता न्हाई?"

मी खारी चहात बुडवली. वाटलं, आता तरी मोकळं व्हावं. हेवा पोटात घेऊन पुन्हा तिच्या शेजारी झोपायचं म्हणजे कठीण होतं. आणि उपाय साधाच होता. त्या तिघांकडून नाही मिळालं तर नाही. ही तर होती.

"शरू, मला तो प्रश्न कुणी कधी विचारलाच नाही बघ," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत एकानं पण नाही. सरळ बाटलीच पुढं करतात. तू विचार की."

"काय विचारू?"

"घेतीस का काय, म्हणून. मी नाही म्हणतो. बास, तेवढंच."

मी हसतच म्हटलं होतं. वाटलं, ती पाठीत धपाटा घालेल, म्हणेल काय येड्यासारखं बोलतीस. तिनं धपाटा घातला नाही. हातातला ग्लास फिरवत राहिली. टपरीवाल्यानं स्टोव्ह मोठा केला.

"कशाला उगंच?" ती म्हणाली.

"विचार की गं."

"नको, फिले." तिनं मान वर केली नाही. "तू हो म्हणालीस तर? परत एकाच खोलीत ऱ्हायाचं हाय आपल्याला."

आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. प्रेमानं ठेवला, त्यात तिळमात्र खोट नव्हती. मला दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं. तीन वर्षं ती मला सांभाळूनच घेत होती. अर्धी भाकरी देताना, माझ्या खांद्यावर झोपताना, पहाटे माझ्याबरोबर पळताना तिनं मनाशी धरलेलंच होतं की फिली काहीतरी घेते, आणि तरी आपली मैत्रीण आहे. तिनं मला कधी काही विचारलं नाही, याला मी विश्वास समजत होते.

"चहा निवतोय," मी म्हटलं. तिनं लगेच ग्लास तोंडाला लावला. तिला हायसं वाटलेलं दिसलं.

परतीच्या गाडीत ती पुन्हा माझ्या खांद्यावर झोपली. मी खांदा काढून घेतला नाही. तिची वेणी माझ्या मांडीवर पडली होती, तीच ती लांब वेणी, आणि मी तिच्याकडे बघत आत चाचपून पाहिलं, तर काहीच नव्हतं. पुढच्या सीटवर बाबर सर आणि शर्वरीचे बाबा विमानाच्या तिकिटाचं बोलत होते. ते ऐकूनही काही झालं नाही. दुसऱ्याचा हेवा करायला त्याच्या जागी आपण असावं असं वाटावं लागतं, आणि मला तिच्या जागी असावंसं वाटत नव्हतं.

कोल्हापूरला उतरल्यावर सरांना मी तिथंच स्टँडवर सांगितलं, मला दुसरी खोली द्या. कुठलीही चालेल, सामानाची असली तरी. सरांनी कारण विचारलं नाही. नेहमीसारखं हळू म्हणाले, "पोरी, एवढा हेवा बरा नव्हं."

हेवा होता तोवर मी तीन वर्षं त्याच खोलीत राहिलो, सर, आता गेला म्हणून बदलतोय, असं मी सांगणार होते. पण सरांना ते खरं वाटलं नसतं. मी हो म्हटलं आणि गादी गुंडाळायला गेले.